तळाशी ‘साभार’

आमच्या घरात शब्दांवर हक्क माझा आणि कामावर हिचा, अशी वाटणी लग्नापासून आहे. मी छापखान्यात मुद्रितशोधक होतो. लोकांच्या वेलांट्या दुरुस्त करता करता डोळे अधू झाले. ही परिचारिका. निवृत्त झाली तेव्हा निरोपाला घड्याळ मिळालं, आणि त्याच महिन्यात माझी आई अंथरुणाला खिळली. म्हणजे नोकरी संपली, ड्यूटी चालूच.

आईची चार वर्षं हिनंच काढली. आई गेल्यावर मागच्या खोलीत लोखंडी खाट तेवढी उरली आणि हिच्याजवळ सांगण्यासारखं पुष्कळ. भाचीनं ब्लॉग उघडून दिला. घरी आजारी माणूस सांभाळणाऱ्यांसाठी ही त्यावर लिहायला लागली. रुग्णाला न उठवता चादर कशी बदलायची, कोणत्या वॉकरचे रबरी बूट महिन्यात झिजतात, दर दोन तासांनी कूस का बदलायची. भाषा थेट वॉर्डातली: "कंटाळा आला तरी कूस बदला. तुमच्या कंटाळ्यानं पाठ बरी होत नाही." वाचणारे हिला सिस्टरच म्हणत. मी ऱ्हस्वदीर्घ तपासायचो आणि मनात जळायचो. माझ्या कथा संपादकांनी जन्मभर ‘साभार परत’ पाठवल्या, आणि हिच्या चादरीवरच्या लेखाला शंभर उत्तरं!

मग हवेच्या गादीची कंपनी आली; पडून असलेल्यांच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून पंपानं फुगवतात ती गादी. त्यांचा माणूस फोनवर फार गोड बोलायचा. "मॅडम, चार ओळी चांगल्या लिहा. फक्त जाहिरात-बिहिरात म्हणू नका, लोक बिचकतात." हिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन पैशांअभावी दोन वर्षं लांबत होतं. जिना चढताना ही प्रत्येक पायरीवर थांबायची आणि मी मागं उभा राहून उगाच खिसे चाचपायचो. हिनं होकार दिला. गादी आली, ती आईच्या खाटेवर घातली, आणि ही तिच्यावर दोन दुपारी आडवी झाली. तेवढ्यावर लेख.

"पैसे घेतलेत हे कुठंतरी लिहायला हवं," ही म्हणाली.

"तळाशी ‘साभार’ लिही आणि पुढं कंपनीचं नाव," मी म्हणालो. "कळणाऱ्याला कळतं."

दुसरीकडून घेतलेल्या मजकुराखाली छापखान्यात आम्ही हाच शब्द टाकायचो. मला तो सुचला म्हणून मी स्वतःवर खूश झालो होतो, हे कबूल करतो. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, आणि वर भांड्यावर टाकायला रुमाल मी दिला. पुढं चाकांची खुर्ची आली, कुबड्या आल्या, एक मलम आलं. सात लेख झाले, सात साभार.

एका सकाळी फोन आला. हिचे हात ओले होते म्हणून मी स्पीकर लावला.

"सिस्टर, मी शिंपी आहे. घरीच शिवतो. बायको दीड वर्षं पडून आहे. तुमचं वाचून ती गादी घेतली. पण तिचा पंप मधेच बंद पडतो आणि माझ्या मशीनच्या आवाजात मला कळत नाही. पाठीला दोन जखमा झाल्यात. एक खोल आहे. काय लावू?"

हिनं वास येतो का विचारलं, ताप विचारला. "काही लावू नका. आजच्या आज डॉक्टरांना दाखवा," म्हणाली. आवाज वॉर्डातला होता, पण हात पदराला पुसतच राहिले, कोरडे झाले तरी.

"तुमचा काही दोष नाही हो, सिस्टर," तो म्हणाला. "तुम्ही मनापासून लिहिलं होतं. खाली त्यांचे आभारसुद्धा मानले होते."

फोन ठेवल्यावर ही तिथंच स्टुलावर बसली. "त्याला वाटलं, मी आभार मानले," म्हणाली. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. शब्द बरोबर होता, शुद्धलेखन बरोबर होतं, आणि एका बाईची पाठ सोलली होती.

दुपारी हिनं लेख उघडला आणि सगळ्यात वर लिहिलं: ‘हे लिहिण्याचे मला पैसे मिळाले. गादी मी दोनच दुपारी वापरली, तीही धडधाकट पाठीनं.’

माझी खोड जाते थोडीच. "‘प्रायोजित’ म्हण की. चांगला शब्द आहे," मी म्हणालो.

"अहो, जखमेला आम्ही जखमच म्हणायचो. तुमचे चांगले शब्द पुरे झाले आता."

सातही लेखांवर तशी ओळ चढली. गोड बोलणारा माणूस त्या दिवशी गोड बोलला नाही आणि पुन्हा त्याचा फोनही आला नाही. झाकली मूठ उघडल्यावर वाचणाऱ्यांनी वाट्टेल ते लिहिलं. काहींनी काहीच लिहिलं नाही, नुसते गेले. ऑपरेशनचं आम्ही दोघंही बोलेनासे झालो. ही अजून आडवं पाऊल टाकत जिना चढते.

शिंप्याला मात्र ही दर तिसऱ्या दिवशी फोन करायची. लहान जखम सुकली. खोल जखम भरायला लागली तेव्हा त्यानं आपणहून फोन केला. सगळं सांगून झालं तरी तो फोन ठेवेना.

"सिस्टर, रागावू नका. तुमची ती ओळ वाचली. म्हणून विचारतो. दर दोन तासांनी कूस बदला, असं तुम्ही लिहिलंय..."

"हो."

"ते कुणी लिहायला सांगितलं होतं का?"

सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात, ते मी त्या क्षणी हिच्या चेहऱ्यावर पाहिलं. ही मागच्या खोलीतल्या खाटेकडे बघत होती.

"नाही हो," ही म्हणाली. "ते माझ्या सासूबाईंच्या पाठीनं सांगितलं. चार वर्षं. बदलत राहा."

"बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

"बरं म्हणाला ना?" हिनं मला विचारलं.

"म्हणाला."

"म्हणजे बदलेल ना कूस?"

चाळीस वर्षं मी दुसऱ्यांचे शब्द तपासले. त्या एका ‘बरं’चा अर्थ मला सांगता आला नाही.