दर्दी बोका

सारसोळ्याच्या बाजारात एक कोळीण मासे विकायला बसायची. टोपलीशेजारी मोबाइल, आणि त्यावर कुणा बुवांचं शास्त्रीय गाणं कायम चालू. बुवा तानेत शिरले की ती तोंड वाकडं करून पदर कानांवर ओढायची आणि कोयता जरा जास्तच जोरात हाणायची.

एकदा मला राहवलं नाही. "मावशी, एवढा त्रास होतो तर लावता कशाला?"

"मना कुठं आवडतं? पन ह्यो बाबा गायला लागला का मांजरा पलतात."

खरंच, आसपास मांजर नव्हतं. फक्त एक पांढरा बोका टोपलीसमोर डोळे मिटून तल्लीन बसला होता.

"हा मात्र दर्दी दिसतोय."

"कसला दर्दी! त्याला पन नाय आवडत. शेवटपरेंत बसला का मी बोंबील देते, त्याला ठाव हाय."

आमच्या सासऱ्यांकडे दर महिन्याला गाण्याची बैठक असते. मीही पुढेच बसतो, असाच डोळे मिटून. सासरे चारचौघांत कौतुकानं सांगतात, "जावई आमचा दर्दी!"

बैठकीनंतर सासूबाईंच्या हातचं मटण असतं.