दहिवर वाळेपर्यंतची शाळा

कुणालाही कधी सांगितलं नाही, ते आज सांगतो: ज्या शाळेपुढे मी मनोमन हात जोडले, तिलाच मी कागदावर खाली ढकललं. दिवाळीनंतरच्या पहाटे दहिवराने भिजलेल्या कापसाच्या रानातून एक ओला, किंचित तुरट वास येतो. तो आला की पन्नाशी ओलांडलेला हा माणूस आजही चालता चालता थबकतो. सुगंध म्हणावा असा तो नाही. पण काही वासांना आपलं नाव-गाव ठाऊक असतं, नाही का?

ऐंशीनंतरची ती वर्षं. मी शिक्षण खात्यात नवा अधिकारी होतो. जळगाव जिल्ह्यातल्या दोन प्राथमिक शाळा पाहून, त्यांची तुलना करून, एकीची ‘आदर्श’ म्हणून शिफारस करण्याचं काम माझ्याकडे आलं. पहिली शाळा फैजपूरकडची, केळीच्या बागांच्या हिरव्यागार सावलीत वसलेली. चुन्याने उजळलेल्या भिंती, पाटाच्या पाण्यावर पोसलेली शेवंती, एका लयीत झुलणारे पाढे! गावाने आपल्या हातांनी दोन खोल्या बांधून दिलेल्या. तिथे खोटं काहीच नव्हतं. ती शाळा चांगलीच होती, हे आजही मी छातीवर हात ठेवून सांगेन.

दुसरी धरणगावच्या बाजूला, काळ्या रानातली. मी अकराच्या सुमाराला पोचलो तर शाळा उघडी, आणि आत एकही मूल नाही! शिक्षिका फाटलेल्या नकाशाला खळ लावीत बसलेल्या. नाव इंदूबाई, सारं गाव त्यांना अक्का म्हणे. कडुलिंबाखाली बसलेल्या एका आबांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, “शाळा देखनी व्हई त दिन निंघाना पहिले या, साहेब. आते काय, कवाडे मोजा!” अक्का हसल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, “वेचणीचे दिवस आहेत, साहेब. ओला कापूस वेचत नाहीत. म्हणून दहिवर वाळेपर्यंत आमची शाळा, आणि वेचणी आटोपली की पुन्हा दिवेलागणीपर्यंत. उद्या सकाळी याल?”

खात्याच्या कागदावर शाळेची वेळ अकरा ते पाच. मी शेरेबुक मागितलं आणि लिहिलं: ‘भेटीच्या वेळी शाळा भरलेली नव्हती.’ वाक्य खरं होतं. खऱ्या वाक्याइतकं धारदार शस्त्र दुसरं कुठलं असतं?

तरीही दुसऱ्या दिवशी गेलो. कुतूहलाने म्हणा, की मनाला लागलेल्या टोचणीने म्हणा. सूर्य नुकता वर येत होता आणि ओसरीवर मुलं दाटीवाटीने बसली होती. वेचणीची ओटी कमरेला आधीच बांधलेली, पाटी मांडीवर. कडेवरचं भावंडही कुणाला घरी ठेवावं लागलं नव्हतं. त्या तान्ह्यांसाठी कोपऱ्यात गोधडी अंथरलेली. काल कुणी किती कापूस वेचला, त्याच वजनांची बेरीज-वजाबाकी फळ्यावर चाललेली. आणि बांधावर उभी एक नऊ-दहा वर्षांची मुलगी, सखू तिचं नाव, मधूनमधून कापसाच्या बोंडावर बोट फिरवून पाही नि तिथूनच ओरडे, “अक्का, आजून वल्लं शे!” की अक्का आणखी एक गणित घालीत. पोरं मनातल्या मनात दवाला आळवीत असावीत, कारण गणित सुटायचं राहिलं आणि सखूने “वाळनं!” म्हटलं, तेव्हा सगळी ओसरी हळहळली. शाळा सुटली म्हणून हळहळणारी मुलं! मी आयुष्यात इतक्या शाळा पाहिल्या, हे दृश्य पुन्हा कुठेही पाहिलं नाही. घड्याळाच्या काट्यांऐवजी पानावरच्या थेंबावर वेळापत्रक बेतणारी ती बाई, शिक्षणशास्त्राच्या कोणत्या ग्रंथातून हे शिकली असेल?

मुलं रानात पांगली. अक्कांनी शेरेबुक पुढे केलं. “साहेब, आजचंही लिहा दोन ओळी.”

मी पेनाचं टोपण काढलं. पुन्हा लावलं. “अहवालातच सविस्तर लिहितो,” म्हणालो.

लिहिलं नाही. तो अहवाल तेव्हा माझ्याच पिशवीत होता, कोराच म्हणावा असा. कुणाचा दबाव नव्हता, फैजपूरकडच्यांनी एक शब्दही टाकला नव्हता. पण आजचं लिहायचं तर शेरेबुकातलं कालचं खोडावं लागणार, आणि नव्या साहेबाची पहिलीच खाडाखोड वरिष्ठांच्या नजरेस पडणार! एवढ्याशा भयापायी मी अहवालात ‘आदर्श’ म्हणून फैजपूरकडच्या शाळेचं नाव लिहिलं. भित्र्या माणसाला मोठं कारण लागतच नाही.

माझ्या त्या एका ओळीच्या आधाराने वर्षभरात वेळ सक्तीने अकराची झाली आणि अक्कांची बदली तापीपल्याडच्या एका दूरच्या गावी. पुढच्या वेचणीत मी मुद्दाम त्या गावावरून गेलो. शाळा बरोबर अकराला भरलेली होती; ओसरीवर मोजकी मुलं होती, त्यांत मुलगी एकही नव्हती. कडुलिंबाखालच्या आबांना सखूचं विचारलं. ते म्हणाले, “ती आते बठ्ठा दिन कापूसमाच ऱ्हास, साहेब. तुमनी शाळा मातर येळवर शे.”

अक्का आता निवृत्त होऊन धुळ्यात राहतात. त्यांची गल्ली मला ठाऊक आहे. दोनदा तिच्या तोंडापर्यंत जाऊन परत फिरलो आहे. त्यांच्यापुढे उभं राहून, माझ्या सहीनिशी, एक ओळ त्यांच्या हातात द्यायची माझ्याकडून अजून बाकी आहे: शाळा भरली होती, आणि मी ती पाहिली होती.