मिस्त्रींची पावणी

“घाई हाय? मग यष्टीनं जावा.”

गाडी बंद पडल्यामुळे आधीच वैतागलेल्या गिऱ्हाइकाला आमचे मिस्त्री हे वाक्य हसून ऐकवायचे. मग फडक्याला हात पुसत गाडीभोवती एक फेरी मारायचे. ती फेरी पुरी होईपर्यंत बॉनेट उघडायचं नाही म्हणजे नाही. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पोलादपुरात मात्र हे एकच होते, आणि त्यांचं गॅरेज माझ्या वह्यापुस्तकांच्या दुकानाला लागून असल्यामुळे माझी फुकटात करमणूक व्हायची.

कशेडी घाट उतरून तापलेले ट्रक, महाबळेश्वराला निघालेल्या हौशी लोकांच्या मोटारी, सगळं त्यांच्याकडे यायचं. पण नव्वदच्या दशकातल्या एका मे महिन्यात जी आली, तशी गाडी ना त्यांनी पाहिली होती ना मी. लांबलचक नाक, जमिनीला टेकायला आलेलं पोट आणि दोनच सीटा. मालक मुंबईचे डॉक्टर. म्हणाले, “इटलीची आहे, साठच्या दशकातली. वडिलांची होती.” मिस्त्रींनी त्या दिवशी एकाऐवजी तीन फेऱ्या मारल्या.

पाण्याचा पंप गेला होता आणि त्याचा भाग इथे कुठे मिळण्यातला नव्हता. डॉक्टर अगदी टेकीला आले होते. “प्रत्येक सहलीत रडवते ही. दसऱ्यापर्यंत ठेवा. आंबेनळी घाट चढली तर नेईन घरी. नाहीतर ट्रकवर घालून विकून टाकतो. एक जण सुटे भाग करून विकायला तयार आहे.”

ते ‘सुटे भाग’ मिस्त्रींना फार लागलं. “अख्ख्या जनावराची खाटकाकडं बात करतोय हो हा,” असं ते मला दोन दिवस सांगत होते.

मग ताडपत्रीखाली सगळा पावसाळा गेला. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका टर्नरला गळ घालून त्यांनी पंपाचा भाग लेथवर पितळेत काढून घेतला. तिसऱ्या खेपेला तो बसला. गाडीला ते पावणी म्हणायचे. संध्याकाळी रबरी नळी कानाला लावून तिचे कार्बोरेटर ऐकत बसायचे, आणि त्या वेळी मी शिंकलो तरी डोळे वटारायचे.

वहिनी, म्हणजे त्यांची बायको, डबा घेऊन आली की आधी माझ्या दुकानाशी थांबायची. “भाऊ, माझी सवत बगितलीत का? चार म्हयने झाले, जायचं नावच नाय.”

नवमीला पावणीचं काम होत आलं. पळायला तयार, पण जागेवर उभी केली की आचके देऊन बंद पडायची. कार्बोरेटरचं शेवटचं जुळवणं तेवढं राहिलं होतं. “ते परवा करू,” मिस्त्री म्हणाले. “दसऱ्याला गॅरेजात कोन येतंय?” आणि त्यांनी पाने, पकडी, पेचकस, होती नव्हती ती सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं, झेंडू घातला. एकदा पुजलेलं हत्यार दसरा उलटल्याशिवाय उचलायचं नाही, हा त्यांच्या वडिलांपासूनचा नेम.

दसऱ्याला सुट्टी असते, म्हणून डॉक्टर नेमके दसऱ्यालाच आले. मागे रिकामा ट्रक.

गाडी चालू झाली, थरथरली आणि त्यांच्यासमोर गप झाली. डॉक्टरांनी ट्रकवाल्याला फळ्या लावायला सांगितलं. मिस्त्रींचा चेहरा मला बघवेना. “मिस्त्री, उचला पेचकस,” मी म्हणालो. “देव समजून घेईल.”

“देव घेल हो. माझा हात नाय चालायचा.”

तेवढ्यात वहिनी पाहुण्यासाठी श्रीखंडाच्या वाट्या घेऊन आली. मिस्त्रींनी एक वाटी घेतली, चमचा चाटूनपुसून साफ केला, त्याची दांडी निरखून पाहिली आणि डॉक्टरांना पुन्हा किल्ली फिरवायला सांगून बॉनेटमध्ये डोकं घातलं. चमचा काही पूजेला नव्हता! कानाला नळी, हातात चमचा. दांडीनं स्क्रू इकडे थोडा, तिकडे किंचित. हळूहळू आचके थांबले आणि पावणी एका लयीत गुरगुरू लागली. फळ्या लावणारा ट्रकवालाही हात सोडून उभा राहिला.

डॉक्टरांनी किल्ली काढली नाही. म्हणाले, “घाट तुम्हीच चढवा.”

मिस्त्री घरी गेले, आंघोळ करून पांढरा सदरा घालून आले आणि थेट वहिनीला म्हणाले, “चल गो.” डॉक्टर शेजारी बसायला निघालेले, तिथेच थांबले. “सीटा दोनच हायेत साहेब,” मिस्त्री अजिजीनं म्हणाले.

इटलीची गाडी, स्टिअरिंग डावीकडे. त्यामुळे उजवीकडे, आपल्याकडे ड्रायव्हर बसतो तिथे, नऊवारीतली वहिनी बसली. नाक्यावर एसटीच्या ड्रायव्हरनं ब्रेक मारला आणि मान बाहेर काढून बघत राहिला. डॉक्टर माझ्या दुकानात स्टुलावर बसून श्रीखंड खात होते. दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते, पण ट्रकवाल्याकडे बघत नव्हते.

दोन तासांनी दोघं परतली. “प्रतापगडच्या फाट्यापर्यंत गेलो. एकदा पन अडली नाय,” मिस्त्री म्हणाले. ट्रक रिकामाच परत गेला. तो जाताना बघून मला इतका आनंद झाला, की मीही एक वाटी मागून घेतली.

पुढे रस्ता रुंद झाला, त्यात गॅरेज गेलं. मग मिस्त्रीही गेले. वहिनी बाजारात भेटते. परवा मी सहज विचारलं, “त्या दिवशी घाटात काय बोललात हो दोघं?”

“बोलतायत कशाला? ते इंजिन ऐकत व्हते,” ती म्हणाली. “आन् मी त्यांना बघत व्हते. लग्नाला वीस वर्सं झालेली, पन एवढा वेळ बाजूला बसून बघायला कधी मिळालंच नव्हतं.”