फैयाजभाईंनी बघितलेली गाडी

फैयाजभाई शेख यांना माणसांचा वीट आला होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. नेवासा फाट्यावर, हायवेला लागून त्यांचं पत्र्याचं गॅरेज. तिथे बत्तीस वर्षं ते गाड्यांच्या पोटाखाली उताणे पडलेले. 'कालपर्यंत एकदम चांगली होती हो,' असं म्हणत कुणी गाडी आणली की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. गाडी खोटं बोलत नाही, मालक बोलतो, हे त्यांचं ठाम मत. ते मालकाच्या तोंडावर सांगायचीही त्यांना खोड होती.

पण त्यांचं नाव होतं ते दुरुस्तीपेक्षा दुसऱ्याच कामासाठी. नेवासा, राहुरी, शेवगाव या भागात कुणी जुनी गाडी घ्यायला निघाला की आधी ती फैयाजभाईंना दाखवायचा. ते पहिल्यांदा विकणाऱ्याला लांब उभं करायचे. मग बॉनेटवर तळहात ठेवायचे. गाडी गारच आणायची, ही त्यांची अट. सकाळी धड चालू न होणारी गाडी लोक घरूनच तापवून आणतात, हे त्यांना पाठ होतं. मग ऑइलचं झाकण काढून वास घ्यायचा, दरवाज्याचं रबर ओढून वेल्डिंगचे डाग बघायचे, कारपेट उचलून पुराचा गाळ शोधायचा. हे सगळं होईपर्यंत ते कुणाचा चहासुद्धा घ्यायचे नाहीत. शेवटी बोलायचे फक्त 'घ्या' किंवा 'घेऊ नका'.

लोकांनी या सगळ्याचं एकच वाक्य करून टाकलं होतं, 'फैयाजभाईंनी बघितली.' तेवढं म्हटलं की पुढचं बोलणं संपायचं. त्यांचे वडील बाबाजान विहिरींवरची डिझेल इंजिनं बघायचे, तेव्हापासून हे चालत आलेलं. घरात जमीन नव्हती. दोन पिढ्यांनी कमावलं म्हणावं असं काही असेल तर ते हे वाक्यच. त्याची माती केली एका लाल गाडीने.

ती पहिल्यांदा आली डिसेंबरातल्या सकाळी. साखर कारखान्याला ट्रॅक्टर लावणाऱ्या कंत्राटदाराचा मुलगा हर्षल पुण्याच्या एका माणसाकडून ती घेत होता. बुटकी, रुंद, मागे दोन सायलेन्सर, सीटांना लाल शिलाई, वर सनरूफ.

"डॉक्टर वापर हाय चाचा. एका हातची," हर्षल म्हणाला.

"डॉक्टर कुठला?"

"ते न्हाई माहीत."

फैयाजभाईंनी बॉनेटवर हात ठेवला. बर्फासारखं गार. वास, रबर, कारपेट, सगळं ठीक. मग त्यांनी गाडी नेवाशाच्या पुलापर्यंत नेऊन आणली. जाऊन-येऊन बारा मिनिटं. खरं तर त्यांनी तेव्हा कान उघडे ठेवायला हवे होते. पण पायाखालचं पेडल दाबलं तसा पाठीला सीटचा धक्का बसला, उसाच्या ट्रॉल्या मागे पडत गेल्या आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या खटाऱ्यांत डोकं घातलेला हा माणूस गाडी चालवता चालवता हसला. परत आल्यावर म्हणाले, "घे." हे हसणं त्यांनी पुढे कुणाला सांगितलं नाही. स्वतःला मात्र रोज ऐकवलं.

आठव्या दिवशी हर्षल ट्रॅक्टरच्या टोचनवर गाडी घेऊन दारात. फैयाजभाईंनी ती स्वतः तासभर चालवली तेव्हा भानगड कळली. गाडीचा गिअरबॉक्स ऑटोमॅटिक. गार असताना चकार शब्द नाही. वीस-पंचवीस मिनिटं पळून तो तापला की आतलं यंत्र बावचळायचं, समोर पान्याच्या चित्राचा पिवळा दिवा पेटायचा आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकून बैलगाडीच्या चालीने चालायची, नाहीतर रस्त्यातच बसायची. तासभर सावलीत ठेवली की पुन्हा झकास. पुण्याच्या वर्कशॉपवाल्यांनी एक भाग बदलला, दुसरा बदलला आणि शेवटी सांगितलं, अख्खा गिअरबॉक्स टाका, त्यापेक्षा दुसरी गाडी घ्या.

म्हणजे गार गाडी मागून ज्यांनी जन्मभर लबाड पकडले, त्यांना ही गाडी गारच आणून दाखवली होती. मालकासारखी खोटं बोलणारी गाडी त्यांनी पहिल्यांदाच बघितली.

"चूक माझी हाय हर्षल," ते म्हणाले. "विकायची तर खरं सांगून विक."

"सांगतो की चाचा."

दोन महिन्यांनी शिंगणापूरचा अजिनाथ गॅरेजमध्ये आला तो ओरडतच. त्याचं तेला-नारळाचं दुकान. शनी अमावस्येच्या गर्दीत ही लाल गाडी देवळाच्या रस्त्यावर आडवी बसली आणि दोन तास पोलीस, भाविक, रसवंतीवाले, सगळ्यांनी मिळून अजिनाथची आईमाई काढली. वर अवकाळी पावसात सनरूफ गळून बायकोच्या पैठणीवर पाणी पडलं. डाव्या दाराची काच एक दिवस आपण होऊन दारात गेली ती वर आलीच नाही. अजिनाथने बंपरला काळी बाहुली बांधली, लिंबू-मिरची बांधली, बॉनेटवर तेलही वाहिलं. आत गिअरबॉक्सला त्याचं काय?

"तुमी बघितली हुती म्हनून घेतली मी," अजिनाथ म्हणाला. "तुमाला लाज कशी वाटली न्हाई?"

फैयाजभाईंनी तिथल्या तिथे हर्षलला फोन लावला. हर्षल शांतपणे म्हणाला, "चाचा, मी खोटं कुठं बोललो? तुमी बघितली हुती का न्हाई?"

फोन ठेवल्यावर त्यांनी बराच वेळ हात धुतले. हाताला काही लागलं नव्हतं. त्यांना त्या पोराची किळस आली होती, त्याहून जास्त त्या वाक्याची. शब्द त्यांचा, त्यातलं एक अक्षर खोटं नाही, आणि सगळं मिळून घाण.

अजिनाथ मात्र अगदी गळ्याची शपथ घेऊन गेला की आपण असं कुणाच्या गळ्यात मारणार नाही. हर्षलच्या सात पिढ्या उद्धरून गेला. पुढच्या महिन्यात त्यानेच ती पुणतांब्याच्या एका पेरूवाल्याला दिली आणि देताना म्हणाला, फैयाजभाईंनी दोनदा बघितलेली गाडी हाय. पेरूवाल्याची गाडी ऐन बाजाराच्या दिवशी, पाच पेट्या पेरूंसकट उन्हात उभी राहिली. तोही आला, तोही ओरडला, तोही रडकुंडीला आला. आणि विकताना त्याने सांगितलं, तीनदा बघितलेली.

प्रत्येकाला आदल्याचा संताप यायचा. प्रत्येकजण फैयाजभाईंच्या स्टुलावर बसून विचारायचा, माणसं इतकी हलकट कशी असतात हो? आणि फैयाजभाईंना समोरच्या तोंडाकडे बघून कळायचं की हा आणखी तीन आठवड्यांनी तेच करणार आहे. ते आल्यागेल्याला सांगत होते की लाल गाडी घेऊ नका. पण ज्याला घ्यायची तो त्यांना विचारायला येतच नव्हता. त्यांनी बघितलेली गाडी त्यांना परत कशाला दाखवायची?

मग एका रविवारी त्यांचा भाचा रिझवान आला. सुप्याच्या एमआयडीसीत सुपरवायझर, लग्न दोन महिन्यांवर आलेलं. बाहेर हॉर्न वाजला, फैयाजभाई गाडीखालून बाहेर आले. लाल गाडी. पुढच्या सीटवर त्यांची धाकटी बहीण बिस्मिल्ला, डोक्यावर नवी ओढणी, चेहऱ्यावर न मावणारं हसू.

"मामू, तुम्हाला मुद्दाम सांगितलं नाही, आत्ताच नेवाशात ताब्यात घेतली," रिझवान म्हणाला. "तुम्ही तीनदा बघितलीय म्हटल्यावर मी उघडून पण बघितली नाही."

फैयाजभाईंनी त्यांना सगळं सांगितलं. बिस्मिल्लाचं हसू हळूहळू उतरलं, पण पुरता विश्वास बसला नाही. तो बसला संध्याकाळी, नगरला परत जाताना, पांढरीपुलाच्या चढाला गाडी अडली तेव्हा. मागे ट्रकांची रांग, ड्रायव्हरांच्या शिव्या आणि नवी ओढणी डोळ्यांपर्यंत ओढून दगडावर बसलेली बिस्मिल्ला.

चार दिवसांनी तिचा फोन आला. आवाज गोड होता, तेव्हाच त्यांना शंका आली.

"भाईजान, गिऱ्हाईक मिळालंय. तुमच्याच तिकडचं, भिमाजी म्हणून. उद्या सकाळी तुमच्याकडे येईल. रिझवान गाडी थांबत थांबत आणून रात्रीच तुमच्याकडे लावून जातो, म्हणजे गार राहील."

"मी खोटं बोलणार नाही."

"बोलू नका ना. नुसतं म्हणा, बघितली. बघितलीच आहे की तुम्ही. पोराचं लग्न तोंडावर आलंय भाईजान. पोराची सगळी मिळकत त्या डबड्यात अडकलीय, आणि ती तुमच्या नावावर विश्वास ठेवून."

शेवटचं वाक्य त्यांना लागलं, कारण ते खरं होतं.

सकाळी भिमाजी आला. कारखान्याच्या वजनकाट्यावरून रिटायर झालेला माणूस. काट्यावर उभं राहून अर्ध्या तालुक्याची लबाडी त्याने बघितली होती, असं तो स्वतःच सांगायचा. जावयासाठी गाडी बघत होता. रिझवान एका बाजूला मान खाली घालून उभा. बिस्मिल्लाही आली होती, भावाकडे एकटक बघत.

भिमाजीने गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवून बघितला आणि विचारलं, "तुमी बघितली ना फैयाजभाई? मग झालं."

फैयाजभाईंनी आधी भाच्याकडे बघितलं. खरं सांगितलं असतं तर पोरगा सगळ्यांदेखत लबाड ठरला असता आणि गाडी त्याच्याच गळ्यात राहिली असती. 'बघितली' म्हटलं असतं तर हर्षलच्या ओळीत ते स्वतः पाचवे.

"ही विकली गेली," ते म्हणाले.

"आं? कवा?"

"आत्ताच. मीच घेतली."

त्या दिवशी त्यांनी आपली सोळा वर्षांची पांढरी व्हॅन रिझवानला दिली. बाबाजानला शेवटी ज्या व्हॅनमधून दवाखान्यात नेलं ती. कधी रस्त्यात उभी राहिली नव्हती. लाल गाडीच्या आरसी बुकावर त्यांनी स्वतःचं नाव चढवून घेतलं, म्हणजे ती आता कुणाच्या हातात जाणार नाही. बिस्मिल्ला व्हॅनमध्ये बसताना एवढंच म्हणाली, "लग्नात हीच न्यायची का?" आणि दार आपटलं.

गाडी गॅरेजच्या कोपऱ्यात उभी राहिली. ते सायकलवर येऊ-जाऊ लागले. रोज शटर उघडलं की पहिली तीच दिसायची आणि रोज त्यांचं तोंड कडू व्हायचं. तरी मनात एक समाधान होतं. शब्द निदान घरी परत आला.

ते समाधान पंधरा दिवस टिकलं. भिमाजीने फाट्यावरच्या हॉटेलात सगळ्यांना सांगितलं होतं की गाडी इतकी चांगली निघाली की फैयाजभाईंनी माझ्या हातातली हिसकून घेतली, स्वतःची व्हॅन देऊन. मग लोक यायला लागले. शेवगावहून आले, राहुरीहून आले. एकाने तर पेढ्यांचा पुडा आणला.

"तुमी सोता ठेवली म्हंजे काय बोलायचं काम न्हाई," जो तो म्हणायचा. "द्या की आमाला."

फैयाजभाई प्रत्येकाला समजावून सांगायचे. गिअरबॉक्स, ताप, पिवळा पाना, पांढरीपूल, पैठणी, पेरू. माणूस शेवटपर्यंत मान हलवत ऐकायचा आणि मग डोळा बारीक करून म्हणायचा, "द्यायची न्हाई असं सरळ सांगा ना." त्यांनी आयुष्यभर खरं सांगितलं म्हणून लोक त्यांचं ऐकत होते. आता ते खरं सांगत होते तेच लोकांना खोटं वाटत होतं. त्यांना शिसारी आली. गाडीची नाही. गाडी बिचारी निदान तापल्यावर तरी कबूल करायची.

एका मंगळवारी त्यांनी शटर अर्धं ओढलं आणि गॅस कटर पेटवला. दुपारपर्यंत टप उतरला, दारं उतरली. इंजिन आणि गिअरबॉक्स खाली काढून फरशीवर ठेवले. तेवढ्यात शटरखालून वाकून भिमाजी आत आला आणि पसाऱ्यातून वाट काढत गिअरबॉक्सपाशी थांबला.

"अरारा," तो म्हणाला. "बरं, माझं काम वेगळं हाय. आमच्या जावयानं पुन्याहून तसलीच एक गाडी घेतली. तिचा गिअरबॉक्स गेलाय. हा तेवढा मला द्या."

"भिमाजी, हाच खराब हाय. ह्याच्यापायीच तर हे सगळं."

"ते ऐकलंय मी. असूद्या की खराब. गार असताना चालतो ना?"

"चालतो. पुढं?"

"मग बास. आमाला कुठं ठिवायची हाय गाडी, विकायचीच हाय. आन् गिऱ्हाइकाला सांगायला पन बरं, गिअरबॉक्स फैयाजभाईंच्या घरच्या गाडीचा हाय."

फैयाजभाईंनी कटर विझवला. चष्मा काढून खिशात ठेवला. कोपऱ्यातला घण उचलून त्यांनी पहिला घाव गिअरबॉक्सवर घातला, मग दुसरा, आणि कवच फुटून काळं तेल भिमाजीच्या चपलांपर्यंत गेलं तरी ते थांबले नाहीत.