मालूजिजींच्या गाण्यातल्या मोकळ्या जागा

मालूजिजी रागावलेल्या नसल्या तर त्यांना ताप आला असावा, असं माझे यजमान अनंत म्हणायचे. त्या त्यांच्या थोरल्या बहीण, म्हणजे माझ्या नणंद. बहादरपुरात त्यांची केळीची बाग आहे. नवरा लवकर गेला, मुलगा तुषार तेव्हा शाळेतही जात नव्हता. दीर म्हणाले, बाग आम्ही बघतो. जिजींनी दिरांना बागेच्या बांधावरूनच परत पाठवलं. एकदा माल भरायला आलेल्या ड्रायव्हरनं केळीचे घड ट्रकमध्ये आदळले, तर यांनी गाडीची किल्ली काढून पदराला बांधली आणि सगळे घड उतरवून, पाला अंथरून, पुन्हा रचायला लावले. ड्रायव्हर हात जोडत होता. या बांधावर बसून चहा पीत होत्या.

अशी बाई यंदा जेठ महिन्यात हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, माझ्या लालबागच्या घरी आली. सोबत कपड्यांची पिशवी आणि डॉक्टरांचा कागद. गळ्यात गाठ होती. ऑपरेशन करायचं ठरलं होतं. आवाज बदलू शकतो, परत येईल किंवा येणारही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

चप्पल काढायच्या आधीच त्यांनी विचारलं, "उषे, अनंताचं ते कॉम्प्युटर चालू आहे का भंगारात दिलं?"

"चालू आहे. का?"

"मले कानबाई भरून ठेवायची त्याच्यात."

आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते, तेव्हा सगळे भाऊबंद एका घरी जमतात. नारळाला लुगडं नेसवतात, नथ घालतात, चौरंगावर बसवतात. घरात रोटांचा, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचा, स्वयंपाक असतो. पण बसवायचं गाणं पुरं झाल्याशिवाय नारळ चौरंगावर ठेवायचा नाही, ही जिजींच्या सासरची रीत. एक बाई पुढे गाते आणि मागच्या बाया 'झेलतात'. तिनं ओळ टाकली की तिचा शेवटचा तुकडा त्यांनी उचलून परत म्हणायचा, मग ती पुढची ओळ टाकते. झेलणारी नसेल तर गाणं तिथेच अडतं. जिजींच्या सासूबाई, चुलतसासू, दोन जावा, सगळ्या झेलणाऱ्या एकेक करून गेल्या. गेल्या वर्षी कुणीच उरलं नाही, म्हणून तुषारनं मोबाईल स्पीकरला जोडून कानबाईची डीजेवाली गाणी लावली. जिजींनी तो स्पीकर वाजत असतानाच उचलला आणि गोठ्यात म्हशीपुढे नेऊन ठेवला. मग एकट्याच गायल्या. टाकायचंही स्वतः, झेलायचंही स्वतः. शेवटी धाप लागून भिंतीला टेकल्या.

"माझा गळा गेला," त्या मला म्हणाल्या, "तर यंदा त्या डब्यातल्या पोरी कानबाई बसवतील. मी नाही बसू देणार. तू भर माझा आवाज."

माझे यजमान गेल्यापासून त्यांचा संगणक मीच वापरते. त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका त्यांनी त्यात उतरवून ठेवल्या होत्या, त्या ऐकण्यापुरता. वायरचा एक माईकही होता. मला वाटलं, एका दुपारचं काम आहे. किती मूर्ख होते मी.

आमच्या मागच्या गल्लीत यंत्रमाग आहेत. दिवसभर खटाखट, खटाखट. पहिल्या मुद्रणात जिजी कमी आणि माग जास्त. मी म्हटलं, वीज गेली की गाऊ. वीज गेली, माग थांबले, गल्ली शांत झाली आणि संगणकही बंद पडला. जिजी काळ्या पडद्याकडे बघून म्हणाल्या, "याच्यापेक्षा म्हैस बरी. अंधारातही दूध देते."

मग मी आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन 'गोंगाट कमी करा' अशा अर्थाच्या खुणेवर टिक केली. माग खरोखर गेले. मी खुश. पण ऐकून बघते तर प्रत्येक ओळीचं शेपूट कापलेलं! जिजी ओळ संपताना शेवटचा सूर लांब धरतात, अगदी श्वास संपेपर्यंत. यंत्राला तो एकसारखा सूर गोंगाट वाटत होता. मागाचा आवाज आणि जिजींचा सूर त्याच्या लेखी एकच. सूर धरला की ते दोन क्षणांत दाबून टाकायचं.

"गळा कापायला मी दवाखान्यात जाणारच आहे," जिजी म्हणाल्या. "तुझ्या मशीनले कायची घाई?"

मला इतका संताप आला की मी माऊस आपटला. यंत्राचा संताप यासाठी येतो की ते चूक करतं आणि वर मदत केल्याचा आव आणतं. ती टिक मी काढली. तरी तेच. आवाजाच्या ड्रायव्हर-प्रोग्रॅममागे आणखी एक पान, त्या पानात आणखी एक टिक, ती कुणी न सांगता आधीपासून केलेली. ती काढली तेव्हा सूर पुरा आला आणि त्याबरोबर मागही परत आले. शेवटी शुक्रवारची वाट बघितली. शुक्रवारी माग बंद असतात. हे मला लालबागेत सगळं आयुष्य काढूनही आधी सुचलं नाही, कारण मी उत्तर संगणकात शोधत होते.

पुढची पीडा तुषारनं दिलेला बिनवायरचा हेडफोन. जिजींनी तो कानाला लावला, गायला सुरुवात केली आणि एका ओळीत थांबल्या.

"ही कोण माझ्या मागं मागं म्हणू राहिली?"

त्यांचाच आवाज होता, जरासा उशिरा कानात येणारा. बिनवायरच्या हेडफोनला तेवढा वेळ लागतो. जिजींना वाटलं कुणी झेलतंय, आणि चुकीच्या ठिकाणी झेलतंय. त्यांनी तो हेडफोन काढून उशीखाली दाबला, जसं काही त्यात कुणी बसलं होतं. हेडफोन लावायचाच नाही, हा त्यावरचा उपाय.

आणि झेलायचं कोण? मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, तरी प्रयत्न केला. दोन ओळी झेलल्या असतील.

"बस," जिजी म्हणाल्या. "तुझ्या त्या नन बायांनी तुले प्रार्थना शिकवली, ती देवाच्या घरी म्हण. कानबाई घाबरून पळून जाईल."

"मग काय करू?"

त्यांनी विचार केला. "जागा मोकळी सोडू. मी ओळ टाकते, मग गप बसते. जेवढा वेळ झेलायला लागतो तेवढा गप. घरच्या बायांनी तिथं म्हणावं. नाही म्हटलं तर माझा आवाज त्यांच्या तोंडाकडे बघत बसेल."

त्या शुक्रवारी जिजी भिंतीला टेकून बसल्या, पंखा बंद, दारं बंद, घामानं पाठ भिजलेली, आणि एकामागून एक गात राहिल्या. बसवायचं, नथ घालायचं, रोटांचं, सकाळी विसर्जनाला नदीवर निघायचं. प्रत्येक ओळीनंतर गप. त्या गप्प जागेत त्यांचे ओठ हलत होते. आपल्या गेलेल्या सासवा-जावांचं त्या मनातल्या मनात ऐकत असाव्यात, कारण पुढची ओळ नेमक्या ठिकाणी पडायची. मी श्वास रोखून खुर्चीत बसले होते. संध्याकाळी जिजी म्हणाल्या, "झालं. आता कापा काय कापायचं ते."

दवाखान्यात दाखल व्हायच्या आदल्या दिवशी तुषार आईला भेटायला आला. चाळिशीचा बाप्या, ठिबकच्या नळ्यांचं दुकान चालवतो, वाईट मुलगा नाही. मी स्वयंपाकघरात होते. जिजी झोपल्या होत्या. हा संगणकापुढे बसला. मी चहा घेऊन आले तेव्हा हात चोळत म्हणाला, "मामी, हो गया! फाइल में बहुत गॅप था. आई बीच में रुक जाती थी ना, श्वास लागत असेल. मैंने सब काट दिया. एकदम क्लीन. ढोलकी का बीट भी डाल दिया."

"मूळची ठेवलीस ना?"

"उसी के ऊपर सेव्ह किया. आणि कचरापेटी पण खाली केली, कॉम्प्युटर स्लो चालत होता तुमचा."

त्यानं लावलं. जिजींचा आवाज एका ओळीवर दुसरी ओळ चढवत, न थांबता, कुणाची वाट न बघता, ढोलकीच्या मागे धावत सुटला. जसं कुणी बाईला दंडाला धरून रस्त्यानं ओढत नेतंय.

जिजी दारात उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. त्या ओरडल्या नाहीत.

"तुषार," त्या म्हणाल्या, "ते श्वास नव्हते. त्या तुझ्या बायकोच्या जागा होत्या."

"आई, मतलब? मैंने तो अच्छा ही किया ना..."

"घरी जाय."

"अगं पण..."

"घरी जाय. नाहीतर मी तुले मारीन, आणि दवाखान्यात जायच्या आधी मले देवाचं नाव घ्यायचं आहे."

तो गेला. मी त्याला जिन्यात गाठलं आणि जे बोलले ते इथे लिहीत नाही. कॉन्व्हेंटमध्ये शिकवलेलं त्यात काही नव्हतं. मग गेलेली फाइल परत आणण्याचे जेवढे मार्ग असतात तेवढे मी रडत, चिडत करून पाहिले. एकही चालला नाही. ज्याच्यावर लिहिलं गेलं ते गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दवाखान्यात निघायच्या आधी, जिजी स्वतःच माईकपुढे बसल्या. शुक्रवार नव्हता. मागं माग खटाखट चालू होते. गळा दुखत होता, सगळी गाणी होणार नव्हती.

"बसवायचं तेवढं घे," त्या म्हणाल्या. "तिले बसवलं तर बाकीचं तिचं ती बघेल."

"माग ऐकू येतील, जिजी."

"येऊ दे. चालत्या-बोलत्या गावातच बसते ती."

मी मागाला हात लावला नाही, सुराला हात लावला नाही, कुठल्याच खुणेला हात लावला नाही. ते एक गाणं झाल्यावर त्याच्या तीन प्रती केल्या. एक पेनड्राइव्ह माझ्या लॉकरमध्ये ठेवला, एक माझ्या पर्समध्ये. तिसऱ्याचं ठिकाण तुषारला आजही माहीत नाही.

ऑपरेशन नीट झालं. गाठ साधी निघाली. आवाज मात्र बसला तो बसलाच. बोलताना फक्त वारा निघाल्यासारखं होतं. राग तेवढाच होता, आता तो डोळ्यांतून यायचा.

श्रावणात कानबाईच्या रविवारी मी बहादरपुरात गेले. घर माणसांनी भरलं होतं. तुषारची बायको निशा पहाटेपासून चुलीपुढे, हात कणकेत. तिची मुलगी हिमानी मोबाईलवर फोटो काढत होती. नारळ नटून ताटात तयार. मी तुषारच्या लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावला आणि माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही असं मोठ्यानं सांगितलं.

जिजींची पहिली ओळ आली. भरदार, जुन्या गळ्याची, मागांच्या खटाखटीसह. ती संपली. मग मोकळी जागा.

कुणीच काही म्हटलं नाही. माग खटखटत राहिले. पुढची ओळ आली. पुन्हा मोकळी जागा. हिमानी कुजबुजली, "मामीआजी, लिरिक्स है क्या किसी के पास?"

जिजींनी हात वर केला. मी थांबवलं. त्यांनी बोट उलटं फिरवलं, म्हणजे पहिल्यापासून. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. पुरुष मंडळी दारात उभी, भुकेली. तुषार म्हणाला, "आई, नारळ ठेव ना, मुहूर्त जाऊ राहिला." जिजींनी ताट दोन्ही हातांनी मांडीवर ओढून घेतलं. पुन्हा बोट फिरवलं. मग चुलीकडे बघून, त्या वाऱ्यासारख्या आवाजात म्हणाल्या, "निशा. इतक्या वर्षांत एक ओळ नाही आली तुले?"

निशा उठली. हाताची कणीक तशीच. ही बाई मी कधी मोठ्यानं बोलताना ऐकली नव्हती.

"कशी येईल? कधी बसू दिलंत मला इथे? लग्न झाल्यापासून दर कानबाईला मी चुलीपुढे. तुम्ही सगळ्या इथे गात होतात, आणि 'निशा, रोट जळतील, निशा, पुरण बघ.' दाराआडून ऐकलंय मी सगळं. झेलायला कुणी बोलावलं कधी? आता बाया संपल्या, तर निशा आठवली!"

जिजींनी माझ्याकडे बघून बोट फिरवलं.

मी पहिल्यापासून लावलं. ओळ आली, संपली, आणि त्या मोकळ्या जागेत निशानं तिचा शेवटचा तुकडा उचलला. दात-ओठ खाऊन, सासूच्या डोळ्यांत डोळे घालून. सूर उंच, जरासा फाटका, पण जागा नेमकी. एका श्वासाचाही फरक नाही. दुसरी ओळ. पुन्हा झेलली, अजून रागानं. तिसऱ्या ओळीला हिमानी आईच्या मागे चाचरत लागली. चौथीला दारातल्या एका चुलतसुनेनं धरलं.

निशाच्या गालावरून पाणी चाललं होतं आणि ती ते पुसत नव्हती, कारण हातांना कणीक होती. गाणं संपेपर्यंत तिनं एकही जागा मोकळी सोडली नाही.

जिजींनी नारळ चौरंगावर ठेवला. मग उठल्या, निशाला खांद्याला धरून आपल्या जागेवर, चौरंगासमोर, बसवलं, पदर खोचला आणि स्वतः चुलीकडे गेल्या. तव्यावरचा रोट एका बाजूनं काळा झाला होता. त्यांनी तो उलटला आणि तुषारकडे असं पाहिलं की तो मुकाट्यानं लाटायला बसला.