सातव्या नंबरचं शिंग

मी कुठेही तीन महिन्यांच्या वर टिकत नाही, हे आमच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. सासरवाडीला तर पाहुण्यांशी ओळख करून देतानाच ते सांगून टाकतात. टंकलेखन मी चाळीसच्या वेगाला सोडलं. तबला 'धा धिं धिं धा' ओलांडून पुढे गेला नाही. मधमाश्यांची पेटी गच्चीवर ठेवली होती. मी माश्यांना सोडलं की माश्यांनी मला, यावर अजून वाद आहे. नोकरी तेवढी सव्वीस वर्षं केली. पण ती आवक-जावकच्या टेबलावरची. तिथे कागद हलतात, माणसाला हलावं लागत नाही.

त्यामुळे त्रेपन्नाव्या वर्षी मी जेव्हा जाहीर केलं, की नोकरी सोडतोय आणि सातपुड्याच्या पायथ्याशी एका निवासी समूहात बायोडायनॅमिक शेती शिकायला जातोय, तेव्हा बायको भाकरी थापत होती ती थापतच राहिली.

"म्हणजे काय असतं?"

"गायीच्या शिंगात शेण भरायचं आणि जमिनीत पुरायचं. पाच-सहा महिन्यांनी काढायचं. त्याचं खत होतं. त्यातलं चिमूटभर घेऊन पाण्यात घोळवून शेतभर शिंपडायचं."

"आणि तोवर?"

"तोवर थांबायचं."

तिने पहिल्यांदाच मान वर केली. "तुम्ही?"

समूहाचा नियम असा होता, की आधी उमेदवारी. ती पुरी झाली आणि दोन्हीकडून होकार आला, तर कायमचं राहायचं. पण जोडपं असेल तर दोघांनी. एकट्या नवऱ्याला किंवा एकट्या बायकोला तिथे घेत नाहीत. बायको शाळेत शिक्षिका, मेमध्ये स्वेच्छानिवृत्ती घेणार होती. आमची नाशिकची मुलगी "आई, सरळ इकडेच ये" म्हणून तिच्या मागे लागली होती. म्हणजे बायकोसमोर नाशिक होतं, जळगावात मेहरूणमधलं आमचं घर होतं आणि आता माझं हे तिसरंच निघालं.

तिने भाकरी तव्यावर टाकली. "होळीपर्यंत टिका. मग मी येऊन बघते आणि काय ते सांगते. मध्येच पिशवी उचलून घरी आलात, तर हा विषय या घरात परत काढायचा नाही."

मला तिथे राहायचं होतं. का, ते नीट सांगता येत नाही. पण आयुष्यात पहिल्यांदाच एखादी गोष्ट शेवटपर्यंत करावी असं वाटत होतं, आणि तेच काही सुचू देत नव्हतं.

तिथली बाग अक्कांच्या ताब्यात होती. त्या जवळच्याच गावच्या, कोरडवाहू कापूस-ज्वारीत वाढलेल्या; समूहात येऊन वीस वर्षं झालेली. बोलणं अहिराणी आणि मोजकं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात काठी दिली आणि पिंपभर पाणी ढवळायला लावलं. एका बाजूने ढवळायचं, मध्ये खोल भोवरा पडला की उलट्या बाजूने. असं एक तास, न थांबता. मी बाराव्या मिनिटाला विचारलं, "झालं का अक्का?" अठराव्या मिनिटाला विचारलं. पंचविसाव्याला त्यांनी माझं घड्याळ काढून घेतलं आणि आपल्या कमरेला खोचलं.

नवरात्रात शिंगं पुरली. प्रत्येक उमेदवाराला बारा शिंगं आणि स्वतःची एक ओळ. दुभत्या गायीचं ताजं शेण अंगठ्याने दाबून दाबून भरायचं, शिंग दगडावर आपटून आतली पोकळी घालवायची, मग दीड फुटाच्या खड्ड्यात तोंड खाली आणि टोक वर असं ठेवायचं. तोंड वर राहिलं तर पाणी आत साचतं आणि शेण कुजतं. हे अक्कांनी तीनदा सांगितलं. मी वहीत लिहून घेतलं, खाली रेघही मारली.

माती लोटली आणि माझे हाल सुरू झाले.

मला वाटलं होतं, शेतीत सतत काहीतरी करायचं असतं. असतंच. मी वाफे केले, गोठा झाडला, मेथी खुरपली. पण मन त्या ओळीपाशी. आत काय चाललंय? चाललंय तरी का? आवक-जावकच्या टेबलावर निदान कागद कुठे अडकला ते विचारता यायचं. इथे विचारायचं कुणाला? घरच्या ग्रुपवर मेहुणा रोज सकाळी टाकायचा, "दाजी, आज कितवा दिवस?" पन्नासाव्या दिवशी त्याने नुसता टाळ्यांचा फोटो टाकला. मला त्यातही टोमणा दिसला.

त्याच दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर सगळे आडवे झाले. मी खुरपं घेतलं आणि गेलो. सातव्या नंबरचं शिंग निवडलं, कारण ते ओळीच्या मधलं, कडेने चटकन दिसत नाही असं. उकरलं, शिंग काढलं, काडीने आतलं थोडं बाहेर घेतलं.

शेण. साधं, हिरवं, आपण भरलं होतं तसंच.

मी ते जसंच्या तसं ठेवून दिलं आणि हात धुऊन भजनी मंडळातल्या माणसासारखा चेहरा करून चहाला गेलो. अक्का म्हणाल्या, "भाऊ, तुमना हातले माटी शे." म्हटलं, मेथीतली.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण आता मला कळलं होतं ना, की पन्नासाव्या दिवशी शेणच असतं! मग साठाव्या दिवशी? पासष्टाव्या? एक दिवस वाटायचं रंग जरा काळसर झालाय, पुढच्या खेपेला वाटायचं नाही, ऊन तसं होतं. दर वेळी तेच शिंग, दर वेळी दुपारची तीच वेळ. सहाव्या खेपेला शिंग हातात असतानाच गोठ्याकडून कुणीतरी खोकलं. मी शिंग खड्ड्यात कोंबलं, माती लोटली, माती बसावी म्हणून वरून बादलीभर पाणी ओतलं आणि मिरच्यांच्या वाफ्यात जाऊन मिरच्या नसलेल्या झाडावर मिरच्या शोधत राहिलो.

खोकणारी म्हैस होती.

त्या दुपारी मी कानबाईमातेची शपथ घेतली, की आता नाही. आणि संध्याकाळी भाकरी मोडता मोडता मनात आलं: शिंग ठेवताना तोंड खाली होतं का?

आठवेना. बघायचं तर उकरावं लागणार, उकरावं तर शपथ मोडणार. पुढचे दोन महिने मी असे काढले. कधी खात्री वाटायची की खालीच होतं, हाताला सवय झालेली असते. कधी वाटायचं, सवय? तुझ्या हाताला? दोनदा पिशवी भरली. भरलेली पिशवी खाटेखाली सरकवली आणि सकाळी परत कपडे बाहेर काढले, कारण घरी गेलो तर विषय संपला होता.

होळीच्या दोन दिवस आधी बायको आली. तिने गोठा बघितला, स्वयंपाकघर बघितलं, बायकांशी बोलली, न्हाणीघराच्या दाराची कडी दोनदा लावून बघितली. माझ्याशी फार बोलली नाही. शिंगं काढायच्या वेळी पदर खोचून माझ्या ओळीच्या टोकाला उभी राहिली.

पहिलं शिंग अक्कांनी दगडावर आपटलं. आतून काळंभोर, भुसभुशीत खत पडलं. वास घेतला तर पहिल्या नांगरटीच्या मातीचा. दुसरं तसंच, तिसरंही. बायकोने चिमूटभर हातात घेऊन चुरडलं, नाकाजवळ नेलं आणि माझ्याकडे बघितलं. लग्नाच्या सव्वीस वर्षांत तिने माझ्याकडे तसं चार-पाच वेळाच बघितलं असेल. मी सातव्यापर्यंत मोजत होतो.

सातव्या जागी अक्कांचा हात थांबला. माती सारली तर शिंगाचं तोंड वर होतं, आणि त्यात काळपट पाणी.

"हाई उलटं कोनी ठेवं?"

त्यांनी ते नुसतं तिरपं केलं, तरी वासाने शेजारच्या ओळीतली माणसं मागे सरकली.

सांगता आलं असतं, की पुरताना चूक झाली. उमेदवाराची एवढी चूक माफ असते. पण मी त्या शिंगाबरोबर अख्खी थंडी काढली होती. म्हणालो, "अक्का, मीच. मध्ये उकरून बघत होतो. शेवटच्या वेळी घाईत उलटं गेलं."

"मध्ये म्हंजे? कितला बार?"

"सहा."

अक्कांनी खुरपं खाली ठेवलं. "माटीले सबूर शे भाऊ, शेणले बी शे. तुमलेच नही." आणि त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं: पुढच्या खेपेला मी शिंगं भरायची, पण स्वतः पुरायची नाहीत. माझी ओळ काढून घेतली.

मी बायकोकडे बघायचं टाळत होतो. तीच पुढे आली.

"सहा वेळा?"

"हो."

"त्याच शिंगाकडे?"

"हो, सातव्या."

"कितव्या महिन्यापासून?"

"दुसरा सरता सरता, ते चौथ्यापर्यंत."

ती अक्कांकडे वळली. "अक्का, या माणसाने तबल्याकडे दुसऱ्यांदा वळून बघितलं नाही. मधमाश्या उडून गेल्या ते याला आठ दिवसांनी कळलं, ते पण शेजाऱ्यांनी सांगितल्यावर." मग माझ्याकडे. "सहा वेळा परत गेलात? आणि घरी नाही आलात?"

"पिशवी भरली होती दोनदा."

"ते नका सांगू."

अक्का हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघत होतो. त्यांचा एक दात नव्हता, तेही तेव्हाच कळलं. बायकोने उरलेली पाच शिंगं स्वतः उकरली. पाचही चांगली निघाली. मग विहिरीवर हात धुता धुता ती अक्कांना म्हणाली, "शाळा सुटली की जूनमध्ये येते. पण न्हाणीची कडी बदलून घ्या." नाशिकला काय सांगायचं ते मीच सांगायचं, असंही ठरवून टाकलं.

संध्याकाळी तिला जळगावच्या एसटीत बसवायला फाट्यावर गेलो. खिडकी मिळाली. पिशवी वर ठेवली. मी खाली उतरलो आणि लगेच परत निघालो, कारण गोठ्यात पाणी भरायचं राहिलं होतं. पन्नास पावलं गेलो असेन. मनात आलं, जूनमध्ये येते म्हणाली, पण ते सगळ्यांसमोर म्हणाली. घरी पोचली, मुलीचा फोन आला, की काय होईल?

फोन लावला.

"बोला."

"पोचलीस का?"

"अहो, मागे वळून बघा. एसटी अजून हललेली नाही."

बघितलं तर खिडकीत ती, कानाला फोन.

"नाही, म्हटलं, ते जूनचं..."

"येते म्हटलं ना," ती म्हणाली. "जा आता. गायी तहानल्या असतील."