तीन बॅकअप आणि एक नाटक

"डी ड्राइव्हमध्ये पण ठेवलंय गो बाय, मग कसं जाईल?" सावंतकाका मला तिसऱ्यांदा विचारत होते. त्यांच्या कॉम्प्युटरमधून टकटक आवाज येत होता. हार्ड डिस्क मेली होती.

लालबाग-परळ भागात मी कॉम्प्युटर मेंटेनन्सची कामं करते. काका गिरणीत साचेवाले होते, म्हणजे मागावर कापड विणायचे. संपानंतर गिरगावात पाध्यांच्या दुकानात टायपिंग शिकले, तिथेच डीटीपी ऑपरेटर झाले. रिटायर झाल्यावर घरी कॉम्प्युटर घेऊन त्यांनी मंडळाच्या स्टेजसाठी एक तीन अंकी नाटक लिहिलं. ते पुन्हा बसवायचं ठरलं होतं, आठवड्यावर तालीम आली होती. जुन्या छापील प्रती नटांनी नेल्या त्या नेल्याच.

"काका, सी आणि डी म्हणजे एकाच खोलीत पार्टिशन टाकून केलेल्या दोन खोल्या. इमारत पडली की दोन्ही गेल्या."

"मग दोन नावं कशाला दिली?"

मी टकटकणारा कॉम्प्युटर बंद केला.

त्यांची मुलगी सुजाता माटुंग्याहून पेन ड्राइव्ह घेऊन आली. "मी स्वतः कॉपी केलंय. उगाच घाबरताय." माझ्या लॅपटॉपवर फाइलचं नाव दिसलं, उघडली मात्र नाही. नावाच्या चित्रावर छोटा बाण होता. म्हणजे शॉर्टकट. शॉर्टकट म्हणजे घराचा पत्ता. घर त्यात नसतं.

"पण नाव तर तेच आहे!" सुजाता म्हणाली. तिचा चेहरा उतरला.  

मग काकूंच्या शिवणाच्या डब्यातून एक सीडी निघाली. काकांनी ती पूर्वी पाध्यांकडे भरून घेतली होती. फाइल उघडली, आणि मीच गोंधळले. पानंच्या पानं भरलेली, पण इंग्रजी अक्षरं, पौंडाच्या खुणा, चौकोन. मला वाटलं फाइल बिघडली. पण संवादांच्या ओळी, मोकळ्या जागा, सगळं जागच्या जागी होतं.

"व्हायरस?" सुजाताने विचारलं.

काका स्क्रीनजवळ वाकले. "हा आमचा दुकानातला फॉन्ट. तो इथे नाही."

तेव्हाचे मराठी फॉन्ट असेच होते. फाइलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरं साठवलेली, फॉन्ट त्यांना मराठीचे कपडे घालायचा. फॉन्ट नाही तर मराठी नाही. काकांच्या घरी तो होता, पण त्याच मेलेल्या डिस्कवर.

दुसऱ्या दिवशी आम्ही गिरगावात गेलो. पाध्यांचं दुकान आता लग्नपत्रिकांचं झालं होतं. "जुनं मशीन? मागे पडलंय. चालू होईल का, सांगत नाही," पाध्ये म्हणाले. ते चालू झालं. त्यातला फॉन्ट माझ्या लॅपटॉपवर टाकला आणि पहिल्या पानावर पात्रांची नावं उमटली. काकांनी दोन संवाद मोठ्याने वाचले. पत्रिका घ्यायला आलेली माणसं बघायला लागली.

तिसऱ्या अंकाशी काका थांबले. "हा जुना शेवट. यात बाप घर सोडून जातो. मी नंतर बदलला होता."

बदललेला अंक कुठेच नव्हता. घरी येऊन काका आठवून सांगत गेले, सुजाता टाइप करत गेली. "बाबा, मघाशी तुम्ही वेगळंच म्हणालात," ती मधूनमधून म्हणायची. शेवटी एक अंक झाला. तो पहिल्यासारखा होता का, हे काकांनाही सांगता येईना. प्रयोग झाला, टाळ्या पडल्या.

आता नाटकाची एक प्रत काकांकडे, एक बाहेरच्या डिस्कवर माटुंग्याला सुजाताकडे, एक तिच्या ईमेलवर. प्रत्येक ठिकाणी पीडीएफसुद्धा, म्हणजे फॉन्ट आतच बसलेला.

"बॅकअप घेतलाय का?" असं मी आता कोणालाच विचारत नाही. हो म्हणायला काही लागत नाही. मी म्हणते, "दुसऱ्या मशीनवर उघडून दाखवा." त्यावर बहुतेक लोक आधी चहा मागवतात.